लाल चिंध्या

पोकलँडच्या जबड्यातून देवधानाचा हिरवा ठोंब चिखलासकट वर आला. त्याला बांधलेली लाल चिंधी वाऱ्यावर हलत होती. जिजाबाई तलावाच्या पाळीवरून ओरडत धावली.

"थांब गा! लाल बांधलेलं काहून उपटून राहिला?"

ओमप्रकाशने यंत्र थांबवलं आणि केबिनमधून डोकं बाहेर काढलं. "लालच तर उपटायचं आहे न, मौसी. मॅडमनं तसंच सांगितलं. सकाळपासून लागून राहिलो. हा शेवटचा."

कामठीकडच्या या तलावात देवधान या एका काठालाच उरलं होतं. कोणी न पेरता उगवणारं धान. त्याच्या बुडाशी मासळी अंडी घालायची, आणि ऋषिपंचमीला मासेमार ढिवरांच्या बाया त्याचाच भात खायच्या. बाकी सगळा काठ बेशरमने खाल्ला होता. ते झुडूप तोडून फेकलं तरी पडेल तिथं मूळ धरतं. तलाव वाचवायचा म्हणून तेच काढायचा हुकूम निघाला होता.

कामावर देखरेख करणारी मेघा परवा जिजाबाईच्या घरी आली होती. "आजी, इथलं सगळं तुम्हालाच ओळखू येतं. मशीन यायच्या आधी खूण करून ठेवा."

जिजाबाईने आपलं लाल लुगडं फाडलं. दोन दिवस कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून तिने एकेका देवधानाला चिंधी बांधली. नवसाची चिंधी असलेल्या झाडावर तिच्या गावात कोणी कुऱ्हाड उचलत नाही.

आरडाओरडा ऐकून मेघा आली. उपटलेला ढीग पाहून ती जागीच थांबली.

"आजी, अहो, बेशरमला खूण करायची होती."

"तू नुसतं 'खूण करा' म्हणली, वं माय. बेशरमले कोणी चिंधी बांधते का?"

ढिगावरून यंत्राचे साखळीचे पट्टे गेले होते. मुळं चिरडून चिखलात मिसळली होती.

"पुन्हा लावू आपण," मेघा हळूच म्हणाली. "यात बी तर असेल ना?"

जिजाबाईने ढिगातून एक लोंबी ओढली आणि नखाने दाणा दाबला. बोटावर दूध आलं. तिने ते बोट मेघापुढे धरलं.

"पिकायले अजून पंधरा दिवस पाह्यजे होते."

मेघाने मान खाली घातली. समोरच्या काठावर बेशरमला जांभळी फुलं लागली होती.

"मॅडम, लवकर सांगा न," ओमप्रकाश केबिनमधून ओरडला. "बिना लालवालं ठेवायचं न?"

जिजाबाईने शेवटच्या ठोंबाची चिंधी सोडली, लुगड्याचा काष्टा खोचला आणि पाण्यात उतरली. पलीकडे जाऊन तिने बेशरमचं पहिलं झुडूप वाकवलं आणि चिंधी बांधली.

गाठ तिने नवसाचीच मारली. दुसरी तिला येत नव्हती.