शेवटचं बटण

अर्धांगाच्या झटक्यात पपांची वाचा गेली. इस्रायलमधल्या रामल्याच्या दवाखान्यातलं बोलकं यंत्र फक्त हिब्रू बोलायचं, म्हणून लेकीने नव्या टचफोनवर मराठी बटणांचा प्रोग्राम लिहायला घेतला. कंपनीने त्यासाठीची साधनं बाहेरच्यांना दिलीच नव्हती. इंटरनेटवरच्या अनोळखी लोकांनी जुळवलेल्या साधनांवर तिने काम रेटलं. फोन तीनदा मेला. शुक्रवारी दुपारी एकदाचा बोलला, आईच्या आवाजात: पाणी, चहा, औषध. "आणखी एक बटण घाल," आई म्हणाली. "त्याशिवाय ते पपा कसले?" ते होईतो शब्बाथचे दिवे लागले; आता शनिवारी रात्र पडेपर्यंत यंत्राला हात लावायचा नाही. कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या ज्यू तेल्यांचे नातू पपा; फोनला बोट लावेनात. आई दिवसभर बडबडत होती, पपा फोनकडे बघत होते. आभाळात तीन चांदण्या दिसल्या, शब्बाथ संपला, तसं त्यांनी शेवटचं बटण दाबलं. "गप बस गं," फोन म्हणाला. डोळे पुसत आई, चाळीस वर्षांत पहिल्यांदाच, गप्प बसली.