हेमलता भोईरांचा शेवटचा अंगरखा

कृतिका आजही त्याच अंगरख्यापुढे उभी होती. जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून आईने केलेला हा शेवटचा. मंद पिवळ्या उजेडात त्याचे रंग पाण्याखाली असल्यासारखे हलत होते.

ठाण्याच्या संग्रहालयातलं हेमलता भोईर यांच्या कपड्यांचं प्रदर्शन आज संपत होतं. ठाकुर्लीच्या दोन खोल्यांत शिवत बसणाऱ्या या बाई केवढ्या मोठ्या डिझायनर होत्या, हे त्या गेल्यावरच शेजाऱ्यांना कळलं.

संग्रहालयाला हे सगळे कपडे कायमचे हवे होते. मितेशदादाने केव्हाच होकार दिला होता. अडलं होतं ते कृतिकापाशी. ती हो म्हणत नव्हती, नाहीही म्हणत नव्हती. रोज यायची आणि तळ्याकाठी उभं राहावं तशी उभी राहायची.

प्रदर्शन मांडणाऱ्या करिश्माने पहिल्याच दिवशी सुचवलं होतं, की अंगरखा डाव्या खांद्यावरून उतरतोय, तर घरची जुनी डमी काढून आमची नवी लावू. कृतिका त्यालाही तयार झाली नव्हती. आला तसाच राहू दे, एवढंच म्हणाली होती. ही काही अंगरखा सोडायची नाही, हे तेव्हाच सगळ्यांनी ओळखलं.

संध्याकाळी घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकला शिव्या घालत मितेश पोचला.

"कृतू, घरी कसर लागेल गं त्याला. इथे निदान लोक बघतील."

"माहितीये."

"मग अडलंय कुठे? तू घालणार आहेस का तो?"

"मला सैल होईल," ती म्हणाली, आणि किंचित हसली.

दालन रिकामं झालं. करिश्मा हलक्या हाताने एकेक कपडा उतरवत मलमलीत गुंडाळू लागली. अंगरख्यापाशी येऊन थांबली.

"ताई, हा एक ठेवा तुमच्याकडे. बाकीचे पुरेत आम्हाला."

मितेशने सुटकेचा श्वास टाकला.

"नको. सगळे तुमचे," कृतिका म्हणाली. "हासुद्धा."

तिने स्वतःच अंगरख्याचे बंद सोडले, घडी घातली आणि तो करिश्माच्या हातात दिला. मग उघड्या पडलेल्या डमीला तिने दोन्ही हातांनी कवेत घेतलं. आजारी पडण्याआधी आईने कापूस नि पट्ट्या गुंडाळून ती तंतोतंत स्वतःच्या अंगाची करून घेतली होती. कृतिकाचे हात पाठीमागे नेमके तिथेच भेटले, जिथे पूर्वी भेटायचे.