कोरी मतपत्रिका

टपालाने आलेल्या मतपत्रिकेवर खूण आधीच छापलेली होती. सरोजिनीबाई खरवतेकरांची दहा वर्षांची खरेदी, औषधं आणि फोनवरचं बोलणं तपासून यंत्राने त्यांचं मत ठरवलं होतं. बाईंनी फक्त सही करायची होती. गल्लीतल्या सगळ्यांनी केली होती.

बाईंनी पाकीट तीनदा परत पाठवलं, तेव्हा निवडणूक कचेरीतले मुणगेकर स्वतः दारात आले.

"बाई, यंत्र चुकत नाही. सही करा आणि मोकळ्या व्हा."

"मी छत्तीस वर्षं गणित शिकवलंय. उत्तर बरोबर असलं, तरी पेपर दुसऱ्याने सोडवला असेल तर मी शून्य द्यायचे. कोरी मतपत्रिका काढा."

मुणगेकरांनी नाइलाजाने काढली.

"आता पाठ फिरवा."

"अहो, घरात आपण दोघंच तर आहोत."

"म्हणूनच फिरवा."

बाईंनी खूण केली, ती यंत्राने निवडलेल्या नावापुढेच. मग पाकिटाला डिंक लावून ते तळहाताने घट्ट दाबलं.

मुणगेकरांना राहवेना. "मग, चुकलं का हो यंत्र?"

"त्याला सांगा," बाई म्हणाल्या, "मत गुप्त असतं."