भिंतीलगतचं झाड

नव्या तुरुंगाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल, यावर जनसुनावणी होती. "एकदा शिक्का बसला की सूचना कुणाच्या बापाला खोडता येणार नाही," असं साहेबांनी रिकाम्या खुर्च्यांना बजावलं. तासाभराने एक काकू आल्या.

"पश्चिमेच्या भिंतीलगतचं जुनं झाड तोडायचं नाही," काकू म्हणाल्या.

साहेबांनी लिहून घेतलं.

"फांद्याही छाटायच्या नाहीत. भिंतीवरून पार पलीकडे जाऊ द्यायच्या. खारींना जायला-यायला वाट नको का?"

"अगदी बरोबर!"

"त्या बाजूला दिवे नकोत, घुबडांचे डोळे दिपतात. आणि पहारेकऱ्यांनी शिट्ट्या वाजवायच्या नाहीत. पिल्लं दचकतात हो."

साहेब गहिवरले. तीस वर्षांच्या नोकरीत मुक्या जिवांचा एवढा कळवळा त्यांनी पाहिला नव्हता. सगळं शाईने लिहून त्यांनी ठणकन शिक्का मारला आणि मायेने विचारलं, "काकू, तुम्ही तिथे जवळच राहता का?"

"मी नाही. आमचे हे जाणार आहेत राहायला. सात वर्षं."

साहेबांनी शिक्क्याकडे पाहिलं. शिक्का अजून ओला होता, पण बसला होता.

"अगंबाई, एक राहिलंच," काकू दारातून परत फिरल्या. "झाडाखाली एक स्टूल ठेवायला सांगा. खारीला गुडघेदुखी आहे."