बशीएवढी जोडी

पहिल्या बाळंतपणाला रोह्याला माहेरी येते म्हणाले, तेव्हा दादानं “घरात जागा नाय गो,” म्हणून फोन ठेवला होता. सव्वा महिना मी नणंदेच्या पडवीत काढला. पुढच्या भाऊबीजेला पेणच्या माझ्या शोभेच्या माशांच्या दुकानातून त्याला गोड्या पाण्यातल्या चपट्या, गोल पाकट माशांची जोडी दिली. पिल्लं बशीएवढी होती. किती वाढतात ते त्यानं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. आता ती परातीएवढी झालीत. टाकीपायी सोफा गेला, दिवाण गेला, दादा ओटीवर झोपतो. तरी माशांना हातानं कोळंबी भरवतो. आज त्यानं घाईनं बोलावून घेतलं. मादीची पाठ फुगली होती. “आजारी हाय काय गो?” “नाय. पोटुशी हाय. पिल्लांना वेगळी टाकी लागंल.” दादानं खोलीभर नजर फिरवली. “जागा कुठं हाय?” “कर, दादा. पहिलटकरीण हाय. माहेरात जागा करावीच लागते.”