चमचाभर विरजण

"काकू, विरजण देता?"

शेजारची आठ वर्षांची कस्तुरी आजही दारात, कडेवर धाकटा भाऊ, हातात वाटी. रोजचं मेलं एकच! आज गप्पा न मारता कुंदाकाकूंनी चमचाभर दही वाटीत टाकलं आणि दार लावून घेतलं.

कचरा ठेवायला त्या बाहेर आल्या, तर पोरगी जिन्यात बसून तेच दही बाळाला बोटानं चाटवत होती.

"अगं, मग दुधाला काय लावणार?"

"दूध नसतंच आमच्याकडे."

तेवढ्यात तिच्या घरात भांडी आदळली, पाठोपाठ आईची किंकाळी.

"बाबा मारायला लागले की विरजण आणते सांगून मी बाळाला बाहेर काढते." कस्तुरीनं बाळाचं तोंड पुसलं. "उद्या जरा सावकाश द्याल, काकू? आज फारच लवकर दिलंत."