दोन रकाने

एकोणसत्तर माणसे राजी झाली होती आणि शामकला झाली नव्हती. म्हणून दुपार कलली तरी समाजमंदिरातली ग्रामसभा तिथेच अडून बसली होती.

विषय तसा सोपा होता. जंगलाचा हक्क मिळाल्यापासून दोन हंगाम गावाने तेंदूपत्ता स्वतः तोडला, स्वतः विकला, आणि त्यातला ठरलेला वाटा गावकोषात टाकला. त्या कोषातून धुरपताचे अडलेले बाळंतपण गोंदियाच्या दवाखान्यात झाले, दोन घरांत बैल आले, आणि कोणालाही सावकाराची पायरी चढावी लागली नाही. यंदा मात्र व्यापाऱ्यांनी एकी केली आणि लिलावाकडे कोणी फिरकलेच नाही. मग एक ठेकेदार देवमाणसासारखा उगवला. घरटी चार हजार आगाऊ, आजच. बदल्यात पाच वर्षांची विक्री त्याच्या हाती आणि गावकोष बंद.

कोष बंद झाल्यावर आजारी माणसाने कुठे जायचे, एवढेच शामकलाने विचारले होते. ठेकेदाराच्या दारात, असे कोणी म्हणाले नाही.

ग्रामसभेचा अध्यक्ष बकाराम नात्याने तिचा धाकटा दीर. तो तिच्याकडे वळला.

"वयनी, सारा गाव तयार झाला. तुमीच काऊन अडून राहिल्या?"

"मी अडवत नाई, भाऊजी. माहं मन अजून राजी झालं नाई. तुमी बोला, मी आयकून राहिली."

गोंडांच्या त्या गावात हात वर करून कधी काही ठरले नव्हते. एक माणूस राजी नसला की विषय तिथेच थांबे. मग सारे त्याच्या घरी जात, अंगणात बसत, बोलत. कधी आठ दिवस लागत, कधी महिना. तालुक्याहून आलेल्या साहेबांना संध्याकाळच्या आत परतायचे होते. म्हणून त्यांनी लहान मुलांना समजेल अशा शब्दांत गावाला लोकशाही समजावून सांगितली. एका माणसाला मागे टाकून पुढे जाणे ज्यांच्या आज्यांना लाजिरवाणे वाटले असते, ती माणसे माना खाली घालून शिकली.

साहेबांनी नोंदवहीत दोन रकाने आखले. बाजूने. विरोधात.

हात वर गेले. आधी एकमेकांकडे पाहत, मग एकदमच. शामकलाने मागे वळून पाहिले. दारापाशी तिचा मुलगा खुशाल उभा होता. त्याचाही हात वर होता, पण कोपरात मोडलेला, डोके खाजवायला नेल्यासारखा. तिच्या शेजारी बसलेली सून रविता हात वर धरून जमिनीकडे पाहत होती.

"आता विरोधात कोण?"

शामकलाचे हात मांडीवरच राहिले.

"करा बाई हात वर, घाबरू नका," साहेब उदारपणे म्हणाले.

"मी विरोधात नाई, साहेब. यायच्या विरोधात मी कायले जाऊ? हे माहेच लोकं होत. मी अजून राजी झाली नाई, येवढंच."

साहेबांनी दोन्ही रकाने पुन्हा पाहिले. या बाईची तिथे सोय नव्हती. त्यांनी दुसऱ्या रकान्यात शून्य घातले आणि खाली सुवाच्य अक्षरात लिहिले : ठराव एकमताने मंजूर.

माणसे उठली. बाहेर मोहाच्या झाडाखाली ठेकेदाराचा माणूस घरांची नावे पुकारू लागला. रविता थांबली.

"माय, चला ना. आपलं नाव घेऊन राहिले."

"पैसे खुशाल घेईल. तू घरी चाल माह्यासंगं. आता सारे बोलाले येतीन."

रविताने एकदा रांगेकडे पाहिले आणि पदर खोचला.

रांगेच्या कडेने दोघी निघाल्या. रांगेतली माणसे पुढच्या माणसाच्या पाठीकडे पाहत राहिली.

घरी येऊन शामकलाने अंगण झाडले, पाण्याचा पितळी गुंड भरून ठेवला, चटया अंथरल्या. घरात चारच चटया होत्या आणि गाव मोठे. म्हणून तिने धानाची रिकामी पोती झटकली आणि कुंपणापर्यंत एकेक करून पसरली.